रोशाचे तेल

नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाड्यात हिवाळ्यात आजीच्या गुडघ्यांना रोशा गवताचे तेल चोळीत असत, आणि गुलाबाच्या जवळ जाणाऱ्या त्या वासात धुराची जी कडवट छटा असे, तीच अस्सल मालाची खूण, अशी माझी आजवरची समजूत होती. परवा गांधी गेटजवळच्या एका वृद्ध अत्तरवाल्याने कुपीचे बूच माझ्या मनगटावर ओढले. त्या वासात धूर नव्हता. नकली समजून मी हात मागे घेतला, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘तुमच्या आजीचं तेल करपलेलं होतं जी.’’

या शब्दाची शहानिशा करण्यासाठीच मी शहराबाहेरच्या एका शेतावर या तेलाची भट्टी पाहावयास गेलो. भट्टी म्हणायचे ते केवळ वहिवाटीने. कारण विस्तव बॉयलरखाली आणि गवत दूर, पोलादी टाकीतल्या जाळीवर, अशी त्या दोघांची फारकतच केलेली आहे. पूर्वी एकाच भांड्यात पाणी व गवत घालून खाली जाळ लावीत. पाणी आटले की तळचे गवत करपे आणि त्याचा दर्प तेलात उतरे. आजीच्या अस्सलपणाचे मूळ ते हे!

फुलोऱ्यावर आलेले गवत कापून, जरा सुकवून टाकीत तुडवतात, झाकण आवळतात, वाफ सोडतात. थंड नळीतून पाण्याबरोबर तेल उतरते आणि हलके म्हणून वर तरंगते. ‘‘शंभर किलोले अर्धा किलो,’’ गवत तुडवणारा मजूर म्हणाला. मी पुन्हा विचारले. ‘‘अर्धाच जी.’’

रोशाच्या ‘मोतिया’ जातीच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबातलेच द्रव्य शेकडा पंचाहत्तरांवर असते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाडच्या मुलखातला हा माल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मुरे. भेसळ खरीच; पण जी गुलाबात खपून जाते, तिला हलका माल तरी कसे म्हणावे?

मोगऱ्यासारख्या नाजूक फुलांना वाफही सोसत नाही. त्यांचा सुगंध हेक्झेनमध्ये उतरवून मेणट ‘काँक्रीट’ करतात व ते अल्कोहोलने धुऊन ‘ॲब्सोल्यूट’ काढतात. त्याहून नवी युक्ती कार्बन डायऑक्साइडची: ३१ अंश सेल्सिअसच्या वर, हवेच्या सुमारे ७३ पटींहून अधिक दाबाखाली तो धड वायू नाही, धड द्रव नाही अशा अवस्थेत जातो, सुगंध शोषून घेतो आणि दाब उतरताच अर्क मागे ठेवून उडून जातो. रोशाला हा सरंजाम नको; त्याला वाफ मानवते.

शंभर किलोला अर्धा किलो; बाकीचा चोथा उन्हात वाळवून त्याच बॉयलरखाली घालतात. निघताना वारा फिरला, धुराड्याचा धूर अंगावर आला, आणि त्यात आजीच्या खोलीचा वास हुबेहूब होता. परतताना गांधी गेटाशी उतरून तोळाभर तेल घेतले, ते मात्र वाफेचेच.