जळालेल्या पांढऱ्याचं दशक

गेल्या दोन-तीन वर्षांत कॉलेजातल्या मुलांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. आईबाबांच्या कपाटातून पॉवरशॉट, सायबरशॉट, कूलपिक्स बाहेर निघताहेत. घरात नसले तर पैसे मोजून जुने आणले जाताहेत. कशासाठी? तर फ्लॅशने पांढरेफटक पडलेले चेहरे आणि मागे काळाकुट्ट अंधार, असा 'लुक' हवा म्हणून! ज्या दोषाशी झगडण्यात आमच्या रात्री गेल्या, त्याची आता हौस झाली. राग येतो, खोटं कशाला बोलू.

रोलच्या काळाबद्दल बोलण्यासारखं फार नाही. निगेटिव्ह उदार होती, जास्तीचा प्रकाश सोसायची, उरलंसुरलं लॅबवाला प्रिंट काढताना सांभाळून घ्यायचा. आमची खरी परीक्षा साधारण २००३ ते २०१२ या काळात झाली.

खिशात मावणाऱ्या त्या कॅमेऱ्यांतल्या कित्येकांचा सेन्सर जेमतेम ५.८ बाय ४.३ मिलिमीटरचा. त्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरच्या दृश्याची सरासरी करड्या रंगावर आणून ठेवायचा, मग समोर काहीही असो. वारीतले पांढरेशुभ्र सदरे मळकट यायचे. पावसाळ्यात सह्याद्रीवरचं धुकं गढूळ दिसायचं. आणि गणपतीत मखराला मागून दिव्यांच्या माळा लावल्या की दिवे झगझगीत, मूर्ती काळोखात. उपाय कॅमेऱ्यातच होता, फोटो उजळ किंवा गडद करणारं अधिक-उणे चिन्हाचं बटण. धुक्याला अधिक, काळ्या पाषाणाच्या देवळाला उणे. ते बटण किती जणांनी दाबलं असेल, देव जाणे.

दाबलं नाही की घरी येऊन संगणकावर निस्तरायचं. पण तिथे एक नियम निर्दय होता. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. तिन्ही रंग २५५ वर आपटले की तिथे कागद कोरा. नवरीच्या कपाळावरचा फ्लॅशचा डाग कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून येत नसे. अंधारात मात्र काहीतरी शिल्लक असायचं, लाल-निळ्या दाण्यांनी भरलेलं का होईना. म्हणून जाणते सांगायचे, फोटो जरा काळाच काढ.

२००३ मध्ये फोटोशॉपमध्ये 'शॅडो/हायलाइट' आलं, आणि २००४ मध्ये गूगलने पिकासा विकत घेऊन फुकट वाटायला सुरुवात केली. पिकासातल्या 'फिल लाइट' या पट्टीने जितकं भलं केलं तितकंच वाटोळं. लोक ती शेवटपर्यंत ओढायचे. काळे केस राखेसारखे, सावळे चेहरे फिकट, आणि वर 'बघ कसा उजळला!' दुकानदार तर पाच, सात, दहा, बारा असे मेगापिक्सेल मोजून विकत होते. सेन्सर तेवढाच, पिक्सेल मात्र दाटीवाटीने, मग अंधारातला दाणा वाढणार नाही तर काय? लॅबची तऱ्हा आणखी वेगळी. रात्रभर बसून नीट केलेल्या फोटोवर तिथलं यंत्र परत आपली 'करेक्शन' चढवायचं. पाकिटावर 'करेक्शन नको' असं ठळक लिहून द्यावं लागे, आणि तरीही ती व्हायची.

पण त्या खटाटोपात एक सुख होतं. वाड्याच्या माजघरात एकाच खिडकीतून उजेड येतोय, आजी तांदूळ निवडतेय. लेअरची प्रत काढायची, 'स्क्रीन' मोडवर टाकायची, मास्कने सगळं झाकून ब्रशने फक्त चेहरा आणि हात उघडायचे. मागची फडताळं काळीच ठेवायची, कारण ती काळीच होती. काय अंधारात ठेवायचं हे आपण ठरवत होतो.

तो हक्क गेला. २०१० मध्ये आयफोनमध्ये उजेड आणि अंधार दोन्ही एकाच फोटोत सांभाळणारं एचडीआर आलं. पुढे फोन एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन एकमेकींवर बसवू लागले. तंत्र म्हणून ते थोरच. अंधारातला दाणा त्याने खरोखर मारला. पण आता समईच्या उजेडातलं देवघर ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं, कातरवेळ दुपारसारखी दिसते. कित्येक फोन तर न विचारताच माणसाला गोरं करून मोकळे होतात. पिकासा गूगलने २०१६ मध्ये बंद केलं, तेव्हा हळहळणारे आम्ही थोडेच उरलो होतो.

त्यामुळे या मुलांवरचा राग पुरता टिकत नाही. सगळं उजळून टाकणाऱ्या फोनला ती कंटाळली असतील तर त्यांचं बरोबरच आहे. फक्त फ्लॅश आपोआप उडू देऊ नका; तो बंद करायचं बटण विजेच्या खुणेचं असतं. अधिक-उण्याचं बटण शोधा आणि उन्हात ते उणे एक तृतीयांशावर ठेवा. आणि कॅमेरा २००६ च्या आधीचा असेल, तर दोन जीबीपेक्षा मोठं कार्ड आणू नका. बहुधा तो ते वाचणारच नाही.