पारलिंगी स्त्रियांमधील संप्रेरक उपचार आणि शारीरिक बदलांचे स्वरूप

प्रस्तावना

महाराष्ट्रात तृतीयपंथीयांविषयीचे लेखन प्रामुख्याने सामाजिक व कायदेशीर अंगाने झालेले आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे मराठी आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. यावर चर्चासत्रे होतात, शोधनिबंधही वाचले जातात. परंतु उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात नेमके काय घडते, किती काळात घडते आणि काय मुळीच घडत नाही, याची माहिती बहुधा कानोकानीच पसरलेली असते. या अपुरेपणाची किंमत शरीराला मोजावी लागते. जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी व्यक्ती ती पारलिंगी स्त्री, या अर्थाने प्रस्तुत लेखात ही संज्ञा वापरली आहे.

उपचाराचे तत्त्व

उपचाराची अंगे दोन. इस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक गोळी, जेल किंवा पट्टीद्वारे दिले जाते आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाचा प्रभाव सायप्रोटेरॉन वा स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या औषधांनी रोखला जातो. टेस्टोस्टेरॉनची रक्तातील पातळी प्रति डेसिलिटर ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणावी, इस्ट्रॅडिओलची प्रति मिलिलिटर १०० ते २०० पिकोग्रॅमच्या दरम्यान राखावी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

बदलांचा क्रम

हे एका अर्थाने दुसरे पौगंड होय, आणि पौगंडावस्थेप्रमाणेच ते सावकाश चालते. पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा व आपोआप येणारी लिंगताठरता कमी होते. तीन ते सहा महिन्यांत त्वचेचा तेलकटपणा घटून ती मऊ लागते. याच सुमारास स्तनाग्रामागे लहानशी, दुखरी गाठ हाताला लागते. वयात येणाऱ्या मुलीलाही अशीच गाठ येते. परंतु आधी कोणी सांगितलेले नसल्यास कर्करोगाच्या शंकेने व्यक्ती घाबरून जाते. स्तनांची वाढ दोन ते तीन वर्षे चालू राहते व ती बहुधा अपेक्षेपेक्षा कमीच असते. घेंट, ॲमस्टरडॅम व फ्लॉरेन्स येथील २२९ पारलिंगी स्त्रियांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाअखेर छाती व स्तन यांच्या घेरातील फरक सरासरी ८ सेंटिमीटरच्या आसपास आढळला.

नितंब व मांड्या भरू लागतात. हाडांचा सांगाडा मात्र तसाच राहतो. स्नायूंचे आकारमान घटते. धानाचे पोते पूर्वी सहज उचलणारीला ते जड वाटू लागते. हिमोग्लोबिन साधारण चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते. प्रयोगशाळेच्या अहवालात पुरुषांचे प्रमाण छापलेले असेल, तर या नैसर्गिक घटीला रक्तक्षय समजून लोहाच्या गोळ्या सुरू होण्याचा संभव असतो.

अंगावरील केस विरळ होतात, पण दाढी जात नाही. त्यासाठी लेझर वा विद्युत पद्धतीच लागते. एकदा फुटलेला आवाज संप्रेरकांनी बारीक होत नाही. उंची, खांदे व कंठमणी यांतही फरक पडत नाही. शुक्रजंतूंची निर्मिती घटते व ती पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून वीर्य साठविण्याचा विचार उपचारापूर्वीच व्हावा लागतो.

घाई आणि गर्भनिरोधक गोळ्या

खरा धोका येथे आहे. बदल मंद आणि तज्ज्ञ दूर, अशा स्थितीत अनेक जणी मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधांच्या दुकानातील गर्भनिरोधक गोळ्या घेतात, काही तर दिवसाला अनेक. शासनातर्फे मोफत मिळणाऱ्या माला-एन गोळीत ३० मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्रॅडिओल व लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. यांपैकी पहिले द्रव्य यकृतातील रक्त गोठविणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवते आणि इस्ट्रॅडिओलच्या नेहमीच्या रक्तचाचणीत त्याचे मोजमापही होत नाही. नेदरलँड्समधील अनुभवानंतर या उपचारातून ते वर्ज्य मानले गेले. दुसऱ्या द्रव्याचा काहीसा पुरुष-संप्रेरकासारखा परिणाम असल्याने ते मूळ उद्देशाच्याच विरुद्ध जाते. मात्रा दुप्पट केल्याने स्तन दुप्पट वेगाने वाढत नाहीत. रक्ताची गुठळी होण्याची शक्यता मात्र वाढते.

पूर्व विदर्भाच्या संदर्भात याला आणखी एक बाजू आहे. या भागात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय प्रमाणात आढळतात, आणि सिकलसेल आजारात गुठळीचा धोका मुळातच अधिक असतो. त्यामुळे इस्ट्रोजेन सुरू करण्यापूर्वी ही तपासणी येथे अगत्याची ठरते. त्यात बिडीचे व्यसन असेल तर धोका आणखी वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजणे किंवा अचानक धाप लागणे ही तातडीने दवाखाना गाठण्याची लक्षणे होत. स्पायरोनोलॅक्टोनने लघवीचे प्रमाण वाढते व रक्तदाब उतरतो, ही बाब भंडाऱ्याच्या मे महिन्यात विसरून चालणार नाही. या औषधावर असताना रक्तातील पोटॅशियमही तपासावे लागते.

हिजडा परंपरेतील निर्वाण म्हणजे वृषणे व लिंग काढून टाकणे. त्यानंतर टेस्टोस्टेरॉनचा मुख्य स्रोत संपतो, म्हणून ते रोखणाऱ्या औषधांची गरज उरत नाही. परंतु इस्ट्रोजेनही न मिळाल्यास हाडे ठिसूळ होत जातात. निर्वाण झाले म्हणजे औषध संपले, ही समजूत त्यामुळेच घातक आहे.

उपलब्धता आणि महाविद्यालय

२०१९ साली संसदेने संमत केलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमात संप्रेरक उपचार व त्यापूर्वीचे आणि नंतरचे समुपदेशन यांची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. तथापि पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावातून संप्रेरकतज्ज्ञाकडे जायचे तर बहुधा नागपूरच गाठावे लागते, आणि पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी अपेक्षित असते. म्हणजे बसभाडे, बुडालेली मजुरी आणि बुडालेले तास.

बदलांना लागणारी दोन-तीन वर्षे आणि पदवीची तीन वर्षे हा योगायोग प्राध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम वर्षाच्या ओळखपत्रावरील छायाचित्र तृतीय वर्षाच्या परीक्षेस बसलेल्या चेहऱ्याशी जुळत नाही, आवाज मात्र तोच राहतो, आणि परीक्षा केंद्राच्या दारात अडवणूक होते. ओळखपत्रावरील छायाचित्र दरवर्षी नव्याने लावण्याची सोय महाविद्यालयाच्या कार्यालयास फारशा खर्चाविना करता येते.