स्ट्रिंग व बाइट यांचे रूपांतर : देवनागरीच्या संदर्भात

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात. असतात ते बाइट, म्हणजे ० ते २५५ या मर्यादेतील संख्या. आज्ञावलीकार ज्यास स्ट्रिंग म्हणतो, तीत या संख्या कोणत्या संकेतनाने वाचावयाच्या याविषयीचा करार गृहीत असतो. बाइटांच्या नुसत्या रांगेत तो नसतो. एकीचे दुसरीत रूपांतर करण्यास वेळ का लागतो, याचे उत्तर प्राय: या भेदात सापडते.

‘स्त्री’ हा शब्द घ्यावा. उच्चारदृष्ट्या हे एकच अक्षर. युनिकोडमध्ये मात्र त्याचे सहा संकेतांक होतात : स, हलन्तचिन्ह, त, पुन्हा हलन्तचिन्ह, र आणि ईकार. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली सिद्ध केलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या नेहमीच्या वापरातील प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागतात. म्हणजे या शब्दाचे अठरा बाइट झाले. यूटीएफ-१६ मध्ये ते बारा होतात. जावा भाषेच्या प्रचलित अंमलात देवनागरी स्ट्रिंग या दुसऱ्या पद्धतीने साठविली जाते. तिचे यूटीएफ-८ बाइट मागितले की प्रत्येक संकेतांक उकलून नव्याने रचावा लागतो. साध्या इंग्रजी मजकुराचे तसे नाही. २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून तो दर वर्णास एक बाइट याप्रमाणे साठविला जातो, व तेच बाइट यूटीएफ-८ मध्येही चालत असल्याने नुसती नक्कल पुरते. त्यात एखादा ‘अ’ शिरला की संपूर्ण स्ट्रिंग दुप्पट जागा व्यापते. वेगाच्या चाचण्या केवळ इंग्रजीवर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गो भाषेत स्ट्रिंग मुळातच बाइटांची असते. तेथे उकल करावी लागत नाही, पण स्ट्रिंग अपरिवर्तनीय व रांग परिवर्तनीय असल्यामुळे नक्कल बहुधा करावीच लागते. ‘अनसेफ’ साधनांनी ती टाळता येते खरी. तथापि रांग पुढे बदलली की न बदलणारी म्हणून गृहीत धरलेली स्ट्रिंगही निमूटपणे बदलते. एवढे धाडस क्वचितच समर्थनीय ठरेल.

मोठ्या संहितांच्या बाबतीत खरा धोका वेगळाच आहे. त्या पुष्कळदा ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी वाचल्या जातात. या संख्येस तीनने भाग जात नाही. यास्तव अखंड देवनागरी मजकुराचा पहिला तुकडा १३६५ संकेतांक पूर्ण करून पुढच्याचा एकच बाइट घेऊन तुटतो. प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्र रूपांतर केल्यास सांध्यावर मूळ वर्णाऐवजी प्रश्नचिन्हयुक्त चौकट उमटते, आणि त्या रूपांतरित पाठावरून तो वर्ण पुन्हा मिळत नाही. शब्दगणना करणाऱ्या अभ्यासकास तर तेथे दोन खोटे शब्द लाभतात. उपाय अवघड नाही. नेहमीच्या वापरातील देवनागरी संकेतांकाचा पहिला बाइट २२४ असतो व पुढचे दोन १२८ ते १९१ यांच्या दरम्यान असतात. म्हणून टोकापासून फार तर दोन बाइट मागे गेले की अपूर्ण संकेतांकाचा आरंभ सापडतो. तेवढे बाइट राखून ठेवून पुढील तुकड्याच्या आरंभी जोडावेत.