तोडण्यापूर्वी झाडाला विचारायचं ते कशासाठी?



"दिवेलागण झाली, आता झाडाला हात लावू नकोस, ती झोपलीत." हे वाक्य ज्या घरात कधी ऐकू आलं नाही, असं मराठी घर विरळाच. तुम्ही आज इंदूरला असा, बडोद्याला असा नाहीतर बंगळूरला, गॅलरीतल्या कुंडीतली तुळस खुडताना हे वाक्य आठवतंच. आज त्याच्या मुळाशी जाऊ.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. आपल्या परंपरेत झाड तोडायला सरसकट मनाई नाही. यज्ञाला लाकूड लागतं, औषधाला मुळं लागतात, पूजेला पानं लागतात. परंपरा एवढंच सांगते की घेताना विचारून घ्या. आणि विचारणं म्हणजे नुसते हात जोडणं नव्हे, ते झाड पुन्हा उगवेल याची सोय करून घेणं. हे कसं, ते चार ठिकाणी पाहू.

पहिलं ठिकाण आपलं देवघर. तुळस साधारणपणे रविवारी, द्वादशीला, संक्रांतीला आणि सूर्यास्तानंतर खुडत नाहीत. बेल चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार या दिवशी तोडत नाहीत. घराघरांत या यादीत थोडा फरक असतो, पण त्यातला सोमवार पाहा. सोमवार हा शंकराचा वार. बेलाला सर्वांत जास्त मागणी त्या दिवशी, आणि तोडायला मनाईही त्याच दिवशी! मग करायचं काय? आदल्या दिवशी लागतील तेवढी पानं आणून ठेवायची. बेल आणि तुळस शिळी होत नाहीत, असं शास्त्रानंच मानलं आहे. बेलाचं वाहिलेलं पानसुद्धा धुऊन पुन्हा वाहता येतं. म्हणजे गर्दीच्या दिवशी झाडाला सुटी, आणि भक्ताला आधी गरज मोजण्याची सवय.

दुसरं ठिकाण फार जुनं आहे, यजुर्वेदातलं. यज्ञात यूप नावाचा खांब उभारतात. त्यासाठी पळस, खैर, बेल अशा झाडांतून एक निवडतात. कुऱ्हाड लावण्याआधी झाडाच्या अंगावर दर्भाची काडी धरायची आणि त्या काडीला म्हणायचं, याचं रक्षण कर. मग कुऱ्हाडीला सांगायचं, याला इजा करू नकोस. झाड पडलं की उरलेल्या बुंध्यावर तुपाची आहुती द्यायची आणि शंभर फांद्यांनी पुन्हा फुटण्याची प्रार्थना करायची. बुंधा किती उंचीवर तोडायचा तेही सांगितलं आहे. वरून गाडी गेली तर आस अडकू नये, इतका खाली. पळस बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फुटतो, हे कुणीही शेतकरी सांगेल. वनखात्याची माणसंही फुटवे चांगले यावेत म्हणून जमिनीलगतच तोड करतात. प्रार्थना आणि तोडण्याची रीत इथं हातात हात घालून चालतात.

तिसरं ठिकाण चरकसंहिता. तिच्या कल्पस्थानात औषधी वनस्पती कधी आणि कशी गोळा करावी, ते सांगितलं आहे. कोवळ्या फांद्या आणि पानं पावसाळ्यात व वसंतात घ्यावीत. मुळं उन्हाळ्यात किंवा शिशिरात, पानं पिकून गळल्यावर. साल, कंद आणि चीक शरदात, गाभ्याचं लाकूड हेमंतात, फुलंफळं त्यांच्या त्यांच्या ऋतूत. गोळा करणाऱ्यानं उपवास करावा, स्वच्छ पांढरं वस्त्र नेसावं, देवतांचं पूजन करून पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून वनस्पती घ्यावी. आता चरकांचा हेतू औषधाचा गुण टिकवण्याचा आहे, झाड वाचवण्याचा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू. पण परिणाम पाहा. पानं गळेपर्यंत थांबलात की बहुतेक वनस्पतींचं बी तोवर जमिनीवर पडलेलं असतं. मूळ उपटलं तरी पुढच्या पिढीची सोय झालेली असते.

चौथं ठिकाण हिमालयातलं. नोकरीत काही काळ मी गढवालच्या वरच्या भागात होतो, तिथली ही रीत. उंचावरच्या कुरणांना तिकडे बुग्याल म्हणतात. तिथं कुटकी, अतीस, जटामांसी आणि ब्रह्मकमळ उगवतं. वरच्या खोऱ्यांतल्या गावांत जुना दंडक असा की भाद्रपद शुद्ध अष्टमी, म्हणजे नंदाष्टमी होईपर्यंत या वनस्पतींना हात लावायचा नाही. आधी ब्रह्मकमळ नंदादेवीला, मग माणसाला. फूल आणायला जाणारा उपवास करतो, अनवाणी जातो. नंदाष्टमी येते तोवर पावसाळा सरत आलेला असतो आणि बऱ्याच झाडांचं बी तयार झालेलं असतं. देवीच्या नावानं पाळलेली ही कापणीची तारीखच आहे.

ही तारीख मोडली की काय होतं, ते जटामांसीनं दाखवलं. तिचं मूळच औषधात, तेलात आणि धुपात वापरतात, त्यामुळे तोडणी म्हणजे झाडाचा शेवट. थंड प्रदेशात ती वाढतेही सावकाश. बाजारात भाव आला, बी पडायच्या आधीच मुळं उपटली जाऊ लागली. १९९७ पासून जटामांसीचं नाव साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि तिच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. गावच्या दंडकानं जे फुकटात होत होतं, त्यासाठी आता कायदा आणि चौकी लागते.

आपणही मागे नाही. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपटा कमी पडला की कांचनाची पानं आपट्याच्या नावानं विकतात. वटपौर्णिमेला ज्या वडाला प्रदक्षिणा घालायची, त्याच्याच फांद्या तोडून दारोदार विकायला येतात. गणपतीच्या पत्रीचे ढीग दुसऱ्या दिवशी कचऱ्यात दिसतात. यातलं काहीही शास्त्रानं सांगितलेलं नाही. उलट जी वस्तू मिळाली नाही तिच्या जागी अक्षता वाहण्याची सोय पूजाविधीतच आहे.

तेव्हा एवढंच करा. पत्री मिळेल ती आणि मोजकी घ्या, बाकीच्या जागी अक्षता वाहा. वडाची फांदी विकत घेऊ नका. जवळपास वड नसेल तर एखाद्या मोकळ्या जागी लावायचं मनावर घ्या. सोनं म्हणून एकच पान द्या, त्यानं शुभेच्छा कमी होत नाहीत. आणि घरातल्या मुलांना "झाडं झोपलीत" हे जरूर सांगा, पण ती मोठी झाली की त्यामागचं कारणही सांगा.