सेशन एक्स्पायर्ड? थँक्यू म्हणा!

फॉर्म अर्धा भरून झालाय आणि तेवढ्यात बॉसचा फोन. बोलून परत वळता, तर स्क्रीनवर ‘युअर सेशन हॅज एक्स्पायर्ड’! मग तुमच्या तोंडून जे काही बाहेर पडतं ना, ते ज्याच्या नावाने असतं तो माणूस मी. वेब ॲप्लिकेशन्स बनवणं हा माझा धंदा आणि तुम्हाला किती मिनिटांनी बाहेर काढायचं, हे ठरवणं त्यातलंच एक काम. शिव्या घाला, पण आधी दोन मिनिटं ऐकून घ्या.

वॉटर पार्कमध्ये तिकीट गेटवर एकदाच दाखवायचं. मग मनगटावर पट्टी बांधतात आणि दिवसभर प्रत्येक राइडला फक्त पट्टी बघतात. सेशन कुकी म्हणजे ही पट्टी. वेबसाइटला मागच्या क्लिकचा माणूस आठवत नाही, म्हणून १९९४मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने ही आयडिया काढली. पासवर्ड गेटवरच राहतो, आतला सगळा कारभार पट्टीवर. म्हणजे पट्टी पळवली की पासवर्ड हवाच कशाला?

ही नुसती थिअरी नाही, बरं का. ऑक्टोबर २०१०मध्ये एरिक बटलर या प्रोग्रॅमरने ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्स एक्स्टेन्शन आणलं. कॅफेच्या ओपन वाय-फायवर बसून शेजारच्याच्या फेसबुकमध्ये शिरायला दोन क्लिक पुरायचे. मार्च २०२३मध्ये तर ‘लायनस टेक टिप्स’ हे बडं यूट्यूब चॅनेलच चोरांनी पळवलं. टीममधल्या एकाने स्पॉन्सरशिपची म्हणून आलेली फाइल उघडली आणि आतल्या मालवेअरने ब्राउझरमधलं सेशन उचललं. पासवर्ड, टू-फॅक्टर सगळं जागच्या जागी, चॅनेल मात्र गायब!

म्हणून आम्ही कुकीला तीन कुलपं लावतो. ‘सिक्युअर’ म्हणजे ती फक्त एचटीटीपीएसवरूनच जाणार. ‘एचटीटीपी-ओन्ली’ म्हणजे पानात घुसवलेल्या जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही. आणि ‘सेमसाइट’ म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या नावावर गुपचूप धाडलेल्या रिक्वेस्टबरोबर ती जाणार नाही. शिवाय लॉगिन झाल्या झाल्या सेशनचा नंबर बदलायचा.

पण चोर थेट तुमच्याच लॅपटॉपमध्ये शिरला, तर? मग ही कुलपं हतबल. उरतं ते घड्याळ. चोरलेली पट्टी किती वेळ चालणार, एवढंच आमच्या हातात असतं.

घड्याळं दोन. एक, तुम्ही काहीच केलं नाहीत तर चालणारं. दुसरं, तुम्ही कितीही बिझी असा, ठरल्या वेळी बाहेर काढणारं. वेब सिक्युरिटीवर काम करणारी ओवास्प ही संस्था पहिल्यासाठी सांगते: पैशाचा मामला असेल तर २ ते ५ मिनिटं, साध्या कामाला १५ ते ३०. आणि दोन्ही घड्याळं सर्व्हरवर हवीत. नुसती कुकीवरची तारीख बदलणं म्हणजे पट्टीवर पेनाने लिहिणं!

मागे एका क्लायंटला सॅलरी स्लिपचं पोर्टल हवं होतं. साहेब म्हणाले, ‘‘आठ तास ठेवा हो, लोक कटकट करतात.’’ मी म्हटलं, ‘‘सर, तुमचा माणूस चहाला गेला आणि शेजारच्याने त्याचा पगार बघितला तर?’’ मीटिंगमध्ये एकदम शांतता. शेवटी २० मिनिटांवर सौदा झाला. वर संपायच्या दोन मिनिटं आधी सूचना आणि अर्धवट फॉर्म सेव्ह. बँकेचा अकाउंट नंबर बदलायचा असेल तर पासवर्ड परत टाका. कटकट कमी, सेफ्टी तीच.

तुमचं काम सोपं आहे. टॅब बंद केला म्हणजे लॉगआऊट झालं, असं समजू नका, बटण दाबा. दुसऱ्याच्या मशीनवर ‘रिमेंबर मी’ला हात लावू नका. आणि आज लंच ब्रेकमध्ये ई-मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे, ते बघाच. जुन्या ऑफिसचा पीसी अजून तिथे दिसतोय? मग वाट कसली बघताय, काढा त्याला बाहेर!