मॉम्पेसन हाउस

इंग्लंडच्या दक्षिण भागांत विल्टशायर परगण्यांत सॅलिसबरी हें शहर आहे. ज्या ख्रिस्तमंदिरांत बिशपचें पीठ असतें त्यास इंग्रज लोक कॅथीड्रल म्हणतात. सॅलिसबरीचें कॅथीड्रल इ. स. १२२० मध्यें बांधावयास घेतलें. त्याचें शिखर ४०४ फूट उंच असून सबंध ब्रिटनमध्यें त्याहून उंच मंदिरशिखर नाहीं. प्रवासी तें मान दुखेपर्यंत न्याहाळतात आणि परत फिरतात. परंतु त्याच आवारांत, एका हिरवळीच्या कडेस, मॉम्पेसन हाउस नांवाचें एक घर आहे. त्याच्यापुढें थोडें थांबावें अशी त्याची योग्यता आहे.

कॅथीड्रलच्या या आवारास ‘क्लोज’ म्हणतात. त्याच्या भोंवतीं तट व वेशी असून वेशींचे दरवाजे अद्यापि रात्रीं बंद होतात. पार्लमेंटचे सभासद चार्लस मॉम्पेसन यांनीं येथें हें घर उभें केलें. पन्हळीच्या शिशाच्या पेटीवर त्यांचीं आद्याक्षरें आणि १७०१ हें साल आजहि वाचतां येतें. एवढ्या थोर शेजाऱ्यासमोर घर बांधावयाचें तर कसें बांधावें, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं मर्यादेनें दिलें. दर्शनी भाग दगडी, खिडक्या दोहों बाजूंस सारख्या अंतरावर, दरवाजा बरोबर मध्यभागीं. मनोरे नाहींत, कीं पुतळे नाहींत. प्रमाण हेंच येथलें भूषण.

बाहेरचा हा संयम आंत थोडा सैल होतो. चार्लस यांच्या मागून घर त्यांचे मेहुणे चार्लस लाँगव्हिल यांजकडे आलें. त्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास भव्य जिना घातला आणि भिंतींवर व छतांवर चुनेगच्चीची नाजूक नक्षी करविली. घरांत त्या शतकांतील सुमारे ३७० मद्यपात्रांचा संग्रहहि मांडलेला आहे. तो मूळचा या घरचा नव्हे, मागाहून तेथें आला. पण काळ तोच सांगतो. इ. स. १७४५ मध्यें इंग्लंडांत कांचेच्या कच्च्या मालावर वजनाप्रमाणें कर बसला. तेव्हां कारागिरांचा कल जड पेल्यांकडून हलक्या पेल्यांकडे वळला, आणि देंठांत हवेचे किंवा पांढऱ्या कांचेचे पीळ घालून शोभा आणण्याच्या कलेस बहर आला. कर चुकवितां येत नाहीं, पण त्यांतूनहि सौंदर्य काढतां येतें !

घरामागें भिंतींनीं वेढलेली बाग आहे. तिची एक बाजू म्हणजे खुद्द क्लोजचा जुना तट. शहराच्या उत्तरेस ओल्ड सारम नांवाची टेकडी आहे. तेथील पूर्वीचें कॅथीड्रल ओस पडल्यावर राजा तिसरा एडवर्ड यानें इ. स. १३३१ मध्यें त्याचे दगड देऊं केले, व ते या कामास लागले. मोडलेल्या मंदिराच्या दगडांनीं आज गुलाबांना व वेलींना आडोसा दिला आहे.

एकोणिसाव्या शतकांत घर टाउनसेंड कुटुंबाकडे आलें. त्यांतील बार्बारा टाउनसेंड या चित्रकार बाईंनीं आपलें जवळजवळ सर्व दीर्घ आयुष्य येथें वेंचलें. इ. स. १९३९ मध्यें त्या वारल्या आणि घराण्याचा येथील वास संपला. मग कांहीं काळ तें बिशपांचें निवासस्थान झालें. पुढें काय, हा खरा प्रश्न होता. अशीं घरें विकलीं जातात, त्यांत कचेऱ्या थाटल्या जातात, आणि जिना तेवढा कौतुकापुरता उरतो. डेनिस मार्टिनो या वास्तुशिल्पकारानें तसें होऊं दिलें नाहीं. त्यानें घर मिळविलें, इ. स. १९५२ मध्यें नॅशनल ट्रस्टला अर्पण केलें, आणि १९७५ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो तेथेंच राहिला.

नॅशनल ट्रस्ट ही संस्था इ. स. १८९५ मध्यें निघाली. जी वास्तु ती अविक्रेय म्हणून जाहीर करते ती पार्लमेंटच्या संमतीखेरीज तिच्याकडून कोणासहि सक्तीनें काढून घेतां येत नाहीं; १९०७ च्या कायद्यानें तिला हा अधिकार दिला.

मॉम्पेसन हें नांव दारावर राहिलें. त्या घराण्याचें कोणी आंत राहिलें नाहीं. तरी मार्टिनोनें दान केलेलें घर लोकांसाठीं उघडें झालें, आणि दिवाणखाना अजून दिवाणखानाच दिसतो. बांधणाऱ्याचें श्रेय मोठें खरें; पण जें आपल्या हातीं आलें तें पुढच्याच्या हातीं धड पोंचविणाऱ्याचें श्रेय त्याहून लहान म्हणतां येणार नाहीं.