शेवटचे नव्वद मीटर

मध्य प्रदेशातला पांढुर्णा आणि सौंसर हा भाग छिंदवाड्यातून वेगळा होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. कागदासाठी छिंदवाड्याचे हेलपाटे नकोत, ही इथल्या माणसाची मागणी रास्तच होती. पण खिडकी जवळ आली म्हणून काम होतंच असं नाही. खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल घ्यायला आलेल्या संत्रा बागायतदाराला "लिंक नाही, उद्या या" असं सांगितलं की ते वाचलेलं अंतर त्याच्या काही कामाचं राहत नाही. हा दोष भोपाळच्या सर्व्हरच्या माथी मारण्याची रीत आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा हिशेब मांडला तर मला तो पुष्कळदा इमारतीच्या आतच सापडतो, रॅकपासून टेबलापर्यंतच्या वायरीत.

त्या वायरीचे नियम नवे नाहीत. अमेरिकेत १९९१ मध्ये ५६८ क्रमांकाचं मानक निघालं, १९९५ मध्ये ११८०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. भिंतीतली पक्की केबल जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, मजल्यावरच्या सगळ्या केबली एका पॅच पॅनलवर आणि प्रत्येकीला नंबर. संगणक बदलले, खातं बदललं, तरी वायर इमारतीचीच राहते. नंतरच्या कॅट-५ई, कॅट-६ वगैरे पायऱ्या वेगाच्या आहेत. त्यात रेंगाळण्याचं कारण नाही.

खरा घात झाला तो २००५ ते २०१५ या दशकात. मार्च २००५ मध्ये केंद्राने राज्यव्यापी नेटवर्कची योजना मंजूर केली, विकासखंडापर्यंत किमान २ एमबीपीएस जोडणी देण्यासाठी. २०१० मध्ये मध्य प्रदेशाने लोकसेवा हमीचा कायदा केला. मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड लावणारा हा देशातला पहिला कायदा. २०११ मध्ये पंचायतींपर्यंत फायबर नेण्याचं ठरलं. किलोमीटरांना पैसा मिळाला, शेवटच्या नव्वद मीटरला मात्र कोणी वाली नव्हता. प्रत्येक योजनेने आपला स्विच आणला, आपली वायर ओढली आणि आधीची तशीच लोंबत ठेवली. बांधकामाच्या अंदाजपत्रकात दिवे-पंखे असायचे, डेटा केबल नसायची. म्हणून ती संगणक पुरवणाऱ्याच्या गळ्यात पडायची आणि तो ती मिळेल त्या माणसाकडून, विजेच्या वायरीला चिकटून, एकाच पट्टीतून ओढून घ्यायचा. टोकाशी तारांच्या जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये असा नियम आहे, कारण शेजारच्या जोडीचा गोंगाट तो पीळच रोखतो. तो दोन-दोन इंच उकलून आरजे-४५ प्लग दाबला की स्विचवरचा दिवा लागतो, बिल निघतं, आणि मोठी फाइल चढवताना लिंक दम तोडते. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही अशाच कामांत खपते. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी दिसते. खरवडून बघणं कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

शिस्त आपल्याकडे कधी नव्हतीच, असं मात्र म्हणता येणार नाही. टेलिफोन खात्याच्या डब्यात प्रत्येक जोडीला नंबर असे आणि त्याची वहीत नोंद असे. ते हात त्याच दशकात संगणकाच्या वायरींकडे वळवता आले असते, पण तसं झालं नाही. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, आणि जोड्यांची भाषा जाणणारी एक अख्खी पिढी घरी बसली. याची हळहळ मला अजून वाटते.

आता वाय-फायचा जमाना आहे, वायरी कशाला, असं विचारलं जाईल. पण वाय-फायचा डबा, कॅमेरा, हजेरीचं यंत्र यांना डेटा सहसा केबलनेच पोचतो, आणि २००३ च्या मानकापासून वीजही त्याच केबलमधून देता येते. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. तिथे त्या विजेचा जास्त भाग वाटेतच उष्णता होऊन वाया जातो. खर्चाचा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण नव्या जिल्ह्याला आधी खोल्या हव्यात. तरीही संगणक पाचेक वर्षांत भंगारात जातो, नीट टाकलेली केबल दहा वर्षांहून अधिक टिकावी हीच मानकाची अपेक्षा आहे, आणि प्लास्टर झाल्यावर भिंत फोडणं आधी पाइप टाकण्यापेक्षा नेहमीच महाग पडतं. पांढुर्ण्यात आणि सौंसरमध्ये यापुढे जी सरकारी इमारत उभी राहील, तिच्या नकाशात मजल्यागणिक रॅकची जागा हवी आणि अंदाजपत्रकात डेटा केबलची स्वतंत्र ओळ हवी. प्रत्येक केबलच्या चाचणीचा अहवाल जोडल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघू नये, ही अट निविदेत घालायला कुठल्या नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.